एकाला एक क्वार्टर

घनता शिकवताना मी पाणी, रॉकेल आणि पारा यांच्यासोबत अल्कोहोलही घेते. पाण्याची घनता 1, अल्कोहोलची साधारण 0.79. मग फळ्यावर एक गणित मांडते. क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर. व्हिस्की असो की रम, बाटलीवर बहुधा 42.8 टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे शुद्ध अल्कोहोल झालं 77 मिलिलिटर. त्याला 0.79 ने गुणलं की येतात साधारण 61 ग्रॅम. क्वार्टर म्हणजे किती, हे मला वर्गात सांगावं लागत नाही. 180 हा आकडा मागच्या बाकावरून येतो आणि पुढच्याही बाकावरून येतो.

त्याखाली मी दुसरा आकडा लिहिते. एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा त्याहून जास्त शुद्ध अल्कोहोल पोटात गेलं, तर जागतिक आरोग्य संघटना त्याची गणना घातक अतिसेवनात करते. आपल्याकडे पार्टीचं सामान आणताना हिशोब काय लावतात? एकाला एक क्वार्टर. म्हणजे आपण ज्याला बेताचं माप समजतो, तीच जगाच्या मोजपट्टीवर अतिसेवनाची रेघ आहे. तीसुद्धा पूर्ण वाढलेल्या माणसासाठी. नववीतला मुलगा पंचेचाळीस किलोचा असतो.

पुढचा प्रश्न मुलंच विचारतात, उतरायला किती वेळ लागतो? यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल मोडू शकतं. एकसष्टला आठने भागा. लिंबूपाणी, काळी कॉफी, डोक्यावर गार पाणी, कशानेही तो वेग वाढत नाही. भागाकार करताना वर्ग शांत होतो. व्यसनविरोधी पोस्टरवरच्या कवटीच्या चित्रापुढे मी त्यांना असं शांत झालेलं पाहिलेलं नाही.

मी निफाड तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडे व्यसनमुक्तीचा कार्यक्रम वर्षातून दोनदा होतो. 26 जूनला अमली पदार्थविरोधी दिन आणि 2 ऑक्टोबरपासून व्यसनमुक्ती सप्ताह. प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, हात पुढे करून शपथ घेतली जाते, पोलीस ठाण्यातून कुणी साहेब येऊन अर्धा तास बोलतात. पोस्टर स्पर्धा असते आणि निबंध स्पर्धा तर असतेच. विषय ठरलेला, ‘व्यसन : एक शाप’. ते निबंध तपासायला माझ्याकडेही येतात. सगळ्यांत संसार उद्ध्वस्त होतो, सगळ्यांत शेवटी ‘चला तर मग’ येतं. ज्याच्या घरी रोज संध्याकाळी हे घडतं, त्याचाही निबंध तसाच असतो. तो घरचं का लिहील? पहिल्या तिघांचे निबंध सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवतात.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या महागड्या गाडीखाली दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. बारावीचा निकाल साजरा करायला तो मित्रांसोबत पबमध्ये गेला होता, असं पोलिसांनी सांगितलं. बाल न्याय मंडळाने त्याला काही तासांत जामीन दिला आणि अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. महाराष्ट्र संतापला आणि तो संताप योग्यच होता. मला त्या दिवशी आमच्या शाळेतल्या निबंधांचा गठ्ठा आठवला. मुलाने निबंध लिहिला की त्याच्यात काहीतरी बदलतं, ही समजूत आम्ही शाळांनी वर्षानुवर्षं जपलेली आहे. आपल्या राज्यात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट 21 आहे, कडक दारूसाठी 25. बाल न्याय कायदा 2015 चं कलम 77 सांगतं की लहान मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. देणारा कोण, याला त्यात सूट नाही. दुकानदार, काका, मोठा भाऊ, बाप, सगळे त्यात येतात. हे कलम मी पालकसभेत वाचून दाखवते तेव्हा बहुतेकांना ते पहिल्यांदा कळतं.

व्याख्यान आणि शपथ यांनी काम होतं का, हे अमेरिकेने आपल्या आधी आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. 1983 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आणि तिथल्या शाळांनी ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम काढला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन आठवड्यामागून आठवडे धडे घ्यायचा, नाही कसं म्हणायचं ते शिकवायचा, शेवटी प्रमाणपत्र आणि टी-शर्ट मिळायचा. पुढे देशातल्या बहुसंख्य शालेय जिल्ह्यांत तो पोचला. पालक खूश, पोलीस खूश, मुख्याध्यापक खूश. मग संशोधकांनी मुलांचा पाठपुरावा केला. 1994 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर व्यसनावरचा परिणाम नगण्य निघाला. दहा वर्षांनंतर गाठलेल्या मुलांतही, धडे घेतलेले आणि न घेतलेले यांत फरक सापडेना. त्या कार्यक्रमातल्या लोकांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच ते निष्कर्ष जास्त लागतात. एवढी माणसं, एवढे तास, एवढी तळमळ, आणि मूल जिथे पितं तिथे त्यातलं काहीच पोचलं नाही.

मूल कुठे पितं? आमच्या भागात पहिला घोट वाइन शॉपवर मिळत नाही, तो हळदीत मिळतो. पुढे मांडवात डीजे, मागे मळ्यात ट्रॉलीत ठेवलेले खोके आणि बर्फाच्या लाद्या. ‘पोरांची सोय केली का?’ हा प्रश्न नवरदेवाच्या बापाला हमखास विचारला जातो आणि सोय म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. ग्लास, पाणी, चकणा नेऊन द्यायचं काम नववी-दहावीच्या मुलांकडे. ती चपळ असतात, सांगितलेलं ऐकतात, कौतुकाला भुकेली असतात. रात्री अकराच्या सुमाराला कुणीतरी चुलतभाऊ म्हणतो, ‘घे रे, मोठा झाला आता.’ जवळच बसलेला मामा पाहून न पाहिल्यासारखं करतो. एवढंच होतं. त्यात कुणी खलनायक नसतो, कुणी फसवत नाही. मुलाला त्या रात्री पुरुषांच्या गोलात जागा मिळते, आणि पंधराव्या वर्षी त्याला तेवढंच हवं असतं.

त्यानंतरच्या जागा त्याला आपोआप सापडतात. शेवटच्या पेपरची संध्याकाळ, विसर्जनाची मिरवणूक, थर्टी फर्स्ट, कुणाच्या तरी मळ्यातली मोटारीची खोली. अशा ठिकाणी प्यायची रीतच घाईची असते. घरी पोचायची वेळ ठरलेली, बाटली लपवता येत नाही, म्हणून आहे ते सगळं संपवायचं. पोटात अन्न नाही, सोबत जाणतं कुणी नाही. अतिसेवन म्हणजे फार प्यायची हौस, असं मोठ्यांना वाटतं. मुलांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा लपूनछपून आणि घाईत पिण्यातून येतं.

यावर एक युक्तिवाद पालकसभेत नेहमी येतो, तोही शिकलेल्या, समंजस बापांकडून. ‘मॅडम, बाहेर चोरून पिण्यापेक्षा आपल्यासमोर अर्धा ग्लास घेतलेला बरा. त्याला प्रमाण कळेल.’ ऐकायला पटतं. ऑस्ट्रेलियात सुमारे 1900 मुलामुलींचा सहा वर्षं पाठपुरावा करून नेमकं हेच तपासलं गेलं. 2018 मध्ये निष्कर्ष आले. आईवडिलांनी दारू दिल्याने मुलांचं पुढे रक्षण झालं, असं काही दिसलं नाही. उलट अशी मुलं इतरांकडूनही दारू मिळवण्याची शक्यता वाढली, आणि एका बैठकीत भरपूर पिण्याचा धोकाही. घरच्या अर्ध्या ग्लासातून मुलगा प्रमाण शिकत नाही, परवानगी शिकतो. आणि पहिल्या घोटाचं वय ही साधी बाब नाही. अमेरिकेतल्या 1997 च्या एका मोठ्या अभ्यासात पंधराच्या आत सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेलेले आढळले. विशीत किंवा नंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण साधारण 10 टक्के होतं. लवकर सुरुवात करणाऱ्यांच्या घरात आधीच दारू असते, ताण असतात, हे खरं. तरीही एवढा फरक दिसत असताना आपल्या हाताने घाई करण्याचं कारण मला सापडत नाही.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते आइसलँडने. 1990 च्या दशकात तिथल्या राजधानीच्या, रेक्याविकच्या रस्त्यांवर शुक्रवारी रात्री प्यायलेल्या पोरांचे घोळके असत. 1998 मध्ये तिथल्या 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलं आदल्या महिन्याभरात एकदा तरी झिंगलेली होती. 2016 मध्ये हा आकडा 5 टक्क्यांवर आला. रोज सिगारेट ओढणारे 23 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आले. हे कुठल्याही भाषणाने झालं नाही. संशोधक इंगा डोरा सिगफूसदोत्तिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळाशाळांत मुलांना विचारायला सुरुवात केली. कधी प्यायलास, एवढंच विचारलं नाही. आईवडिलांसोबत किती वेळ जातो, रात्री तू कुठे आहेस हे घरी माहीत असतं का, आठवड्यातून किती वेळा खेळायला किंवा वाजवायला जातोस, शाळेत कुणाला तुझी काळजी आहे असं वाटतं का, हेही विचारलं. न पिणाऱ्या मुलांत जे आढळलं ते अगदी साधं होतं. घरच्यांबरोबरचा वेळ, आठवड्यातून अनेकदा होणारा एखादा शिस्तीचा खेळ किंवा छंद, शाळेत आपलेपणा, आणि रात्री उशिरा बाहेर नसणं.

मग सगळा देश त्या चार गोष्टींच्या मागे लागला. हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर 13 ते 16 वर्षांच्या मुलांनी एकट्याने बाहेर राहायचं नाही, असा नियम झाला. दारू विकत घ्यायचं वय 20 ठेवलं, तंबाखूचं 18. दोन्हींच्या जाहिराती बंद केल्या. प्रत्येक शाळेत पालकांची संघटना कायद्याने आली आणि पालकांनी आपापसांत करार केले. आपल्या घरी मोठ्या माणसाशिवाय पोरांची पार्टी होऊ द्यायची नाही. दुसऱ्याच्या मुलासाठी दारू आणायची नाही. दुसऱ्याचंही मूल आपलं समजून लक्ष ठेवायचं. नगरपालिकेने खेळ, संगीत, नृत्य यांच्या शिकवण्यांसाठी घरोघर अनुदान दिलं, म्हणजे गरिबाचं मूलही संध्याकाळी मैदानात असेल. सर्वेक्षण सुरूच राहिलं आणि प्रत्येक शाळेला स्वतःचे आकडे मिळू लागले. दुसऱ्या शहराची गोष्ट सांगून तिथे कुणाला सुटता येईना.

हे सांगितलं की लगेच उत्तर येतं, तो श्रीमंत देश, चिमुकला देश, आपल्याला कसं जमणार? श्रीमंतीचं मान्य. पण चिमुकलेपणाबद्दल बोलायचं तर आइसलँडची अख्खी लोकसंख्या आमच्या एका निफाड तालुक्याहून कमी आहे. म्हणजे हे काम तालुक्याच्या मापाचं आहे. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. कुणाचा मुलगा कुणाच्या मळ्यात बसतो, हे गावाला दुसऱ्या दिवशी कळतं. ज्या गावात महिलांनी मतदान करून बाटली आडवी केली, दारूचं दुकान बंद पाडलं, अशी गावं याच महाराष्ट्रात आहेत. 31 डिसेंबरला ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत चौकाचौकांत दूध वाटणारी माणसंही इथलीच आहेत. इच्छेची कमी नाही. ती इच्छा एका रात्रीपुरती न राहता वर्षभराच्या संध्याकाळी कशी व्यापेल, एवढंच ठरवायचं आहे.

संध्याकाळ म्हटलं की मला एका मुलीचा प्रश्न आठवतो. क्वार्टरचं गणित झाल्यावर तास संपला, सगळे बाहेर गेले, ती थांबली. म्हणाली, ‘बाई, बाबा पिऊन आले की अभ्यास कुठे करायचा?’ तिला ग्रॅम आणि टक्के नको होते. तिला सात ते नऊ या वेळेत दिवा असलेली एक खोली हवी होती. शाळेत अशा सोळा खोल्या आहेत आणि साडेपाचला त्या सगळ्यांना कुलूप लागतं. व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाचा विचार करताना आपण मुलाने पिऊ नये एवढंच धरून चालतो. ज्यांच्या घरात आधीच कुणी पितं, ती मुलं प्रत्येक वर्गात बसलेली असतात. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या 2019 च्या सर्वेक्षणात देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पिणारे निघाले. त्यांची मुलं कुठल्या ना कुठल्या शाळेत आहेतच.

याच सर्वेक्षणातला दुसरा आकडाही मी वर्गात सांगते, मुलग्यांना मुद्दाम सांगते. देशातल्या पुरुषांपैकी पिणारे 27 टक्के. म्हणजे शंभरातले त्र्याहत्तर पीत नाहीत. मुलांना हे खोटं वाटतं. हळदीत दिसतात ते सगळे पिणारे, कारण न पिणारे जेवून घरी गेलेले असतात. ‘सगळेच घेतात’ या समजुतीचं ओझं मुलांवर फार असतं, आणि ती समजूत खरी नाही हे त्यांना कुणी सांगत नाही.

शाळेत हे काम कुणी करायचं, यावर बिहारमध्ये एक फार मोलाचा प्रयोग झाला. नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांमध्ये काही ठिकाणी बाहेरून नेमलेला एक साधा, प्रशिक्षित तरुण किंवा तरुणी ‘मित्र’ म्हणून ठेवली. परिपाठात चर्चा, भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, एकेकट्याला भेटून बोलणं, हे तिचं काम. काही शाळांत तेच काम तिथल्याच शिक्षकांना दिलं. हा काही दारूविरोधी कार्यक्रम नव्हता. शाळेतलं वातावरण, दादागिरी, मारहाण, उदासी यांवर तो होता. 2018 मध्ये निष्कर्ष आले. ‘मित्र’ असलेल्या शाळांत वातावरण खूप सुधारलं, दादागिरी आणि उदासी घटली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत काही फरक पडला नाही. शिक्षिका म्हणून हे वाचताना बरं वाटत नाही, पण मला ते खरं वाटतं. ज्याच्या हातात गुणपत्रिका आहे, जो उद्या बापाला फोन करू शकतो, त्याच्याजवळ मूल हळदीतली गोष्ट कशी सांगेल?

आणि प्रत्येक मूल वेगळ्या कारणाने पितं. लंडनच्या शाळांमध्ये संशोधक पॅट्रिशिया कॉनरॉड यांनी हे ओळखून मुलांच्या स्वभावाप्रमाणे छोटे गट केले. खचलेली, घाबरी, उतावळी आणि थराराच्या मागे धावणारी. प्रत्येक गटासोबत फक्त दोन सत्रं, त्यातही दारूबद्दल थोडं आणि आपल्या स्वभावाशी कसं वागायचं याबद्दल बरंच. अतिसेवन कमी झालं, आणि शाळेच्याच माणसांना शिकवून ही सत्रं घेता आली. हे आमच्या शाळेत उद्या करता येईल असं मी म्हणत नाही. पण पहिल्याच पावसाळी सहलीत कड्याच्या टोकाला उभा राहणारा मुलगा आणि चाचणीच्या आदल्या रात्री उलट्या करणारा मुलगा यांना आम्ही एकच शपथ देतो, हे डोळ्यांत खुपायला हवं.

एक गोष्ट मात्र उद्याच करता येते आणि मी करते. मित्र पिऊन बेशुद्ध पडला तर काय करायचं, हे शिकवते. कुशीवर वळवा, उलटी घशात अडकू देऊ नका, झोपेल असं म्हणून एकटं सोडू नका, श्वास मंद वाटला, हाक मारून उठला नाही, अंग गार पडलं तर 108 ला फोन करा, आणि आधी फोन करा, घरच्यांची बोलणी नंतर खा. आमच्या शिक्षकखोलीत यावर वाद झाला. अशाने पिण्याला परवानगी दिल्यासारखं होतं, असं काहींचं म्हणणं. मला ते मान्य नाही. मुलं मित्राला दवाखान्यात नेत नाहीत ती पोलिसांच्या आणि बापाच्या भीतीने. मळ्यातल्या खोलीत त्याला झोपवून ठेवतात आणि सकाळची वाट पाहतात. त्या रात्री तिथे एकाला तरी काय करायचं ते माहीत असायला हवं.

यंदाच्या पालकसभेत आम्ही दोन ठराव मांडले. पहिला, शाळेच्या दोन खोल्या आणि मैदान रात्री साडेआठपर्यंत उघडं ठेवायचं. दिव्याचं बिल ग्रामपंचायत भरणार, किल्ली कबड्डी शिकवणाऱ्या माजी विद्यार्थ्याकडे राहणार, आणि पालकांपैकी दोघंजण आळीपाळीने थांबणार. मुलींना घरी सोडायचं काय, यावर बराच वेळ गेला. शेवटी आयांनीच गल्लीवार जोड्या लावल्या. हा ठराव मंजूर झाला. दुसरा ठराव, शाळेतल्या मुलांना हळदीत वाढपी म्हणून मागच्या बाजूला पाठवायचं नाही आणि कुणी पाठवलं तर यजमानाला तिथेच सांगायचं. त्यावर मोठा गोंधळ झाला. एक पालक उठून म्हणाले, ‘मॅडम, पाहुण्यांच्या दारात जाऊन कोण बोलणार? नातं तुटेल.’ त्यांच्याच शेजारी बसलेली त्यांची बायको म्हणाली, ‘मी बोलेन.’ सभा तिथेच थांबवावी लागली, कारण अंधार पडला होता. दुसरा ठराव जुलैच्या सभेत पुन्हा येणार आहे. तुळशीच्या लग्नानंतर तिथी सुरू होतात, त्याच्या आत तो मंजूर करून घ्यायचा आहे.